विहारयात्रा की धम्मयात्रा? शिरपामाळ ते सोपारा : शोधप्रवासांचा इतिहास कसा वाचावा

सम्राट अशोकांचा आठवा शिलालेख प्रवासाविषयी आहे. त्याचा एक तुकडा १८८२ मध्ये आपल्या पालघर जिल्ह्यात, सोपाऱ्याला सापडला. जगातल्या प्रसिद्ध शोधप्रवाशांची माहिती आपल्याला शाळेत मिळते ती कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन यांच्यापासून. पण प्रवास कशासाठी करायचा, वाटेत कोणाला भेटायचे आणि परत येताना काय आणायचे, याचा विचार आपल्या जिल्ह्यातल्या दगडावर त्यांच्या सतराशे वर्षे आधी कोरला गेला होता. या लेखात तोच दगड मोजपट्टी म्हणून वापरून काही महत्त्वाच्या प्रवासांची ओळख करून घेऊ. सुरुवात जव्हारजवळच्या शिरपामाळपासून करू, कारण जव्हार-मोखाड्यातल्या तरुणांना 'इतिहास इथून गेला' असे सांगणारी ती सर्वांत जवळची जागा आहे.

शिरपामाळ : वाट कोणाची, नाव कोणाचे?

शिरपामाळ हा जव्हार शहरालगतचा उघडा माळ. १६६३ च्या डिसेंबरअखेर छत्रपती शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर जाताना इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच दिला, म्हणून माळाला शिरपामाळ हे नाव पडले, असे सांगितले जाते. पुढे जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात महाराज सुरतेला पोहोचले. विक्रमशहा हे मुकणे घराण्यातले, म्हणजे महादेव कोळी राजघराण्यातले. हे राज्य चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत, मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत, टिकले. जव्हार आणि मराठे यांचे संबंध मात्र कायम सलोख्याचे राहिले नाहीत. १६७२ मध्ये मराठ्यांनी जव्हार जिंकून घेतले.

सुरतेची स्वारी ही लष्करी मोहीम होती, शोधप्रवास नव्हे. तरी तिच्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्र्यंबकहून सह्याद्री उतरून मोखाडा, जव्हार, पुढे रामनगरच्या रानातून गुजरातेत शिरायचे, तर घोडदळाला घाट, पाणवठे आणि नदीचे उतार माहीत असणारी माणसे लागतात. तो प्रदेश कोळी, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांचा. माळाला शिरपेचाचे नाव राहिले. वाट दाखवणाऱ्यांचे एकही नाव राहिले नाही. जगातल्या बहुतेक शोधप्रवासांची गोष्ट अशीच आहे. म्हणून कोणताही प्रवास वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा : वाट कोणी दाखवली?

सोपाऱ्याचा दगड काय सांगतो?

सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, ही अपरांताची राजधानी आणि मोठे बंदर. आज ते नालासोपाऱ्याच्या वस्तीत हरवले आहे. जव्हारपासून रस्त्याने अंतर शंभरेक किलोमीटर. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा मोखाड्याच्या दऱ्यांतून वाट काढत येते आणि सोपाऱ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते.

इथे आठव्या शिलालेखाचा तुकडाच मिळाला. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. आठव्या लेखाचा पूर्ण आशय गिरनार, कालसी अशा ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. अशोकांनी राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, प्रयाण केले आणि तिथून धम्मयात्रेची प्रथा सुरू झाली. हा काळ इ.स.पू. २६० च्या आसपासचा. धम्मयात्रेत काय करायचे तेही लेखात आहे. श्रमण आणि ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, वृद्धांना भेटून त्यांना आर्थिक आधार द्यायचा, जनपदातल्या म्हणजे गावोगावच्या लोकांना भेटायचे, धम्म सांगायचा आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरेही करायची.

शेवटचे दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. राजा गावात जातो तो कर गोळा करायला किंवा सावज टिपायला नाही, माणसांना भेटायला जातो. आणि तो फक्त सांगत नाही, विचारपूसही करतो. एवढी मोजपट्टी हाती असली की पुढचे सगळे प्रवास तपासता येतात.

पुण्ण : शस्त्राविना निघालेला प्रवासी

अपरांतात आलेल्या धम्मप्रवाशांत पहिले नाव पुण्ण थेरांचे. मज्झिम निकायातल्या पुण्णोवाद सुत्तात त्यांची हकीकत आहे. ते सुनापरांताला जायची परवानगी मागतात. बहुतेक अभ्यासक सुनापरांत म्हणजे कोकण किनारा मानतात. तथागत त्यांना सांगतात की तिथली माणसे उग्र आणि कठोर म्हणून ओळखली जातात, आणि एकेक प्रश्न विचारत जातात : त्यांनी शिव्या दिल्या तर, हात उगारला तर, दगड-काठी मारली तर, जीवच घेतला तर? प्रत्येक वेळी पुण्ण उत्तर देतात की याहून वाईट केले नाही म्हणजे माणसे चांगलीच आहेत, असे मी समजेन. तेव्हा त्यांना परवानगी मिळते. सुत्ताप्रमाणे पहिल्याच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या.

या कथेकडे समाजशास्त्राच्या नजरेनेही पाहता येते. किनाऱ्यावरची आणि डोंगरातली माणसे 'उग्र' आहेत ही मध्यदेशातली ख्याती होती, म्हणजे दुरून मारलेला शिक्का. असे शिक्के पुढे वसाहतकाळातही रानातल्या लोकांवर मारले गेले आणि आजही मारले जातात. पुण्ण तो शिक्का खोटा आहे असे म्हणत नाहीत. त्याच्या भरवशावर सोबत सैन्यही मागत नाहीत. ते स्वतःच्या मनाची तयारी करून जातात.

संस्कृत दिव्यावदानात पूर्ण हा शूर्पारकचा दर्यावर्दी व्यापारी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णाची ही कथा रंगवलेली आहे. महावंसानुसार तिसऱ्या संगीतीनंतर योनक धम्मरक्खित अपरांतात आणि महाधम्मरक्खित महारट्ठात आले. योनक म्हणजे ग्रीक वंशाचा. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर धम्म घेऊन आलेल्यांत परदेशी माणूसही होता.

नदीवर फुकट नाव, काठावर पाणपोई

प्रवास एकट्याच्या धाडसावर होत नाही. त्यासाठी धर्मशाळा, नावा आणि पाणी लागते. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात हे कसे होते त्याचा उत्तम पुरावा नाशिकच्या त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेणी डोंगरावरच्या दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा हा लेख आहे. त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या.

दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार, दाहानुका म्हणजे डहाणूची खाडी. जव्हारच्या आजूबाजूचाच हा मुलूख आहे. उषवदाताने ब्राह्मणांनाही दाने दिली आणि भिक्खू संघासाठी हे लेणे कोरवले, हे दोन्ही त्याच लेखात आहे. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण अशी दुसरी मोठी वाट होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने स्तंभ दान केल्याची नोंद आहे. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत असणारा, चालता-बोलता ग्रंथच. त्याच सुमारास एका अनाम ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे येतात. मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर लाल समुद्रातून गलबते इथे येत. म्हणजे १४९८ च्या फार आधी जगाला आपला किनारा ठाऊक होता.

ग्रंथांसाठी चाललेले तिघे

*फाहियान.* इ.स. ३९९ मध्ये चीनच्या चांगआनहून निघाले तेव्हा वय साठीच्या आसपास. चीनमध्ये विनयाचे ग्रंथ अपुरे होते, ते मिळवणे हा हेतू. वाळवंट आणि पामीर ओलांडून भारतात आले, पुढे सिंहलद्वीपात राहिले आणि ४१२ मध्ये समुद्रमार्गे परतले. दख्खनच्या एका डोंगरात कोरलेल्या विहाराचे वर्णन ते देतात, पण वाट अवघड असल्याने आपण तिकडे गेलो नाही, स्थानिकांकडून ऐकले तेच लिहितो, हेही स्पष्ट करतात. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणे हा प्रवासवर्णनाचा पहिला नियम त्यांनी पाळला.

*युआन श्वांग.* इ.स. ६२९ च्या सुमारास बादशहाची परवानगी नसताना लपूनछपून निघाले आणि ६४५ मध्ये परतले. नालंदेला आचार्य शीलभद्रांकडे शिकले. परत जाताना ६५७ ग्रंथ नेले आणि उरलेले आयुष्य त्यांच्या भाषांतरात घालवले. ६४१ च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले. तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसे स्वाभिमानी, उपकार न विसरणारी, अपमानाचा सूड घेणारी, पण अडलेल्यासाठी स्वतःला विसरून धावणारी आहेत असे ते लिहितात. महाराष्ट्रात शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची त्यांची नोंद आहे. डोंगरकड्यात कोरलेल्या, अचल अर्हतांनी उभारलेल्या विहाराचे त्यांचे वर्णन अजिंठ्याचे मानले जाते. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखातही स्थविर अचलांचे नाव आहे.

*इत्सिंग.* ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाले आणि सुमात्रातल्या श्रीविजयाला थांबून नालंदेला आले. ६९५ मध्ये ते चीनला परतले. त्यांनी आपल्या काळात भारताकडे निघालेल्या ५६ भिक्खूंची चरित्रे लिहिली. त्यांतले कित्येक वाटेतच गेले. इतर प्रवाशांची नावे जपण्यासाठी ग्रंथ लिहिणारा प्रवासी म्हणून त्यांचे स्थान वेगळे आहे.

इथे एक काळजी घ्यावी. या तिघांपैकी कोणी जव्हार-मोखाड्यातून गेल्याचा पुरावा नाही. 'आमच्या गावातून युआन श्वांग गेले' अशी वाक्ये समाजमाध्यमांवर सहज फिरतात. ती पुढे पाठवू नयेत. खरा वारसा इतका मोठा असताना खोट्याची भर घालायची गरज नाही.

बाबासाहेबांनी प्रवासवर्णने कशी वाचली?

ही जुनी वर्णने आपल्यासाठी केवळ अभिमानाचा विषय नाहीत, तो पुरावा आहे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा सुरू झाली हा प्रश्न सोडवताना बाबासाहेबांनी फाहियान आणि युआन श्वांग यांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या. फाहियान लिहितात की चांडाळ गावाबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोक बाजूला होतील. एवढ्या एका नोंदीवरून सर्वत्र अस्पृश्यता होती असे बाबासाहेब मानत नाहीत, कारण चांडाळांचा प्रश्न त्यांना वेगळा वाटतो. युआन श्वांगांच्या नोंदीत मात्र खाटीक, कोळी, भंगी, जल्लाद, नाच-तमाशा करणारे असे अनेक समूह वस्तीबाहेर ढकललेले दिसतात. या आणि इतर पुराव्यांवरून त्यांनी अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमाराचा ठरवला.

त्यांचा निष्कर्ष मान्य असो वा त्यावर पुढे चर्चा होवो, पद्धत लक्षात घ्यावी. दोन प्रवासी, मध्ये दोनशे वर्षे, आणि एकच प्रश्न : वस्तीबाहेर कोण होते? राजवाडे आणि विहार सगळेच वाचतात. बाबासाहेबांनी त्या वर्णनांत वेशीबाहेरचा माणूस शोधला.

प्रवास करण्याचा हक्क सर्वांना नव्हता हेही त्यांनी स्वतः अनुभवले. १९३४ मध्ये चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळ हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून 'पाणी बाटवले' असा गलका झाला, आणि किल्ल्यात पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर पहारेकरी सोबत देऊन आत सोडले गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात हा प्रसंग आहे. ज्या प्रदेशात अठराशे वर्षांपूर्वी प्रवाशासाठी नदीकाठी पाणपोया होत्या, त्याच प्रदेशात बौद्ध लेणी पाहायला निघालेल्या विद्वानाला पाण्यावरून अडवले गेले. मधल्या काळात काय घडले हाच आपल्या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे.

'शोध लागला' म्हणजे काय?

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर उतरला. तिथे ताइनो लोक राहत होते आणि त्या बेटाला त्यांचे स्वतःचे नाव होते, ग्वानाहानी. हे लोक चांगले नोकर होतील असे त्याने रोजनिशीत लिहिले आणि काहींना बंदी करून नेले. पुढच्या काही दशकांत सक्तीची मजुरी, कत्तल आणि रोगांनी तो समाज जवळपास संपला.

वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. आफ्रिकेच्या मालिंदी बंदरापासून पुढचा समुद्र त्याला तिथल्या राजाने दिलेल्या वाटाड्याने पार करून दिला. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसह जाळले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. शाळेतला 'भारताचा सागरी मार्ग शोधला' हा धडा आणि आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा वसईचा किल्ला यांच्यात अवघे ३६ वर्षांचे अंतर आहे.

मॅगेलन १५१९ मध्ये निघाला. १५२१ मध्ये फिलिपाइन्समधल्या माक्तान बेटावर स्थानिकांशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. १५२२ मध्ये एल्कानोबरोबर एका जहाजातून १८ जण परतले. पृथ्वीप्रदक्षिणा मॅगेलनच्या नावावर राहिली, ती पूर्ण करणाऱ्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात.

आपल्याकडचे उदाहरण अजिंठ्याचे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी वाघाच्या शिकारीला गेला असता त्याला लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरले, ते आजही आहे. आजूबाजूच्या गुराख्यांना लेणी ठाऊकच होती. म्हणजे अशोकांनी जिला विहारयात्रा म्हटले तशाच शिकारीच्या फेरीला इतिहासात 'शोध' हे नाव मिळाले.

माहिती गोळा करण्याच्या प्रवासातही हेतू तपासावा लागतो. कुमाऊँचे नैनसिंह रावत १८६६ मध्ये यात्रेकरूच्या वेशात ल्हासाला पोहोचले. त्यांच्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, ठरावीक पावलांमागे एक मणी सरकवत ते अंतर मोजत. नोंदी प्रार्थनाचक्रात लपवत. त्यांचे धैर्य आणि अचूकपणा वादातीत आहे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. पण काम ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचे होते, आणि चाळीस वर्षांच्या आत, १९०३-०४ मध्ये, ब्रिटिश फौज तिबेटात शिरली. बौद्ध यात्रेकरूची माळ नकाशाचे हत्यार झाली होती.

भगवानलाल इंद्रजी आणि सोपाऱ्याचा स्तूप

युआन श्वांगांचे वर्णन हाती घेऊन अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी उत्तर भारतातली अनेक बौद्ध स्थळे निश्चित केली हे सर्वांना माहीत आहे. सोपाऱ्याचे श्रेय मात्र पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे. १८३९ मध्ये जुनागढला जन्मलेले भगवानलाल गिरनारच्या शिलालेखांमुळे ब्राह्मीकडे वळले, पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी भारतभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्यातला 'बुरुड राजाचा कोट' नावाचा ढिगारा खणला. आत विटांचा स्तूप निघाला. मध्यभागी दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि आठ कांस्यमूर्ती. मूर्ती सात मानुषी बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

एक बारीक गोष्ट पाहा. स्थानिकांनी तो ढिगारा 'बुरुड राजाचा कोट' म्हणून जपला होता. बुरुड म्हणजे बांबूकाम करणारा, आणि 'शूर्प' म्हणजे सूप. शूर्पारकाच्या नावातले सूप लोकांच्या तोंडी बुरुडाच्या रूपात टिकले असावे, असा विचार मनात येतो. हा सिद्धान्त नव्हे, पण ज्या नावांना आपण दंतकथा म्हणून बाजूला टाकतो त्यांत काय दडलेले असते याचा हा नमुना आहे.

मराठी धम्मप्रवासी : धर्मानंद कोसंबी

आपल्या भाषेतला सर्वांत मोठा धम्मप्रवासी म्हणून धर्मानंद कोसंबींचे नाव घ्यावे लागेल. १८७६ मध्ये पोर्तुगिजांच्या गोव्यात, साखवाळ गावी जन्म. शालेय शिक्षण जुजबी. 'बालबोध' मासिकातला बुद्धांवरचा लेख वाचून ओढ लागली. १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी इथे संस्कृत शिकत, अन्नछत्रात जेवत ते नेपाळला गेले. तिथे जिवंत बौद्ध विद्या मिळेल ही आशा फोल ठरली. मग बोधगया, कलकत्ता आणि १९०२ मध्ये सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांकडे ते पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. १९१० पासून हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते अनेकदा गेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. मुंबईत परळला त्यांनी बहुजन विहार सुरू केला. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. त्यात घर आणि लहान मुलगी मागे टाकल्याची टोचणीही ते लपवत नाहीत.

त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी धनगरांच्या वाटा, जुनी व्यापारी वाट, लेणी आणि देवीची ठाणी यांचे नाते तपासले. पुस्तकाइतकाच पायांनी इतिहास वाचता येतो हे त्यांनी दाखवले.

बाबासाहेबांचा शेवटच्या वर्षांतला प्रवासही याच मालिकेतला आहे. १९५० मध्ये सिलोन, १९५४ मध्ये ब्रह्मदेश, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि त्याच नोव्हेंबरात काठमांडू. बौद्ध देशांत जाऊन त्यांनी तिथला धम्म डोळे उघडे ठेवून पाहिला, प्रश्न विचारले, आणि मग आपल्या लोकांना वाट दाखवली.

कालपट एका नजरेत

- इ.स.पू. २६० च्या सुमारास : अशोकांची संबोधीची धम्मयात्रा
- इ.स. पहिले-दुसरे शतक : उषवदाताच्या नावा आणि पाणपोया, पेरिप्लसमध्ये सोपारा
- ३९९–४१२ : फाहियान
- ६२९–६४५ : युआन श्वांग
- ६७१–६९५ : इत्सिंग
- १४९२ : कोलंबस, १४९८ : वास्को द गामा कालिकतला, १५३४ : वसई पोर्तुगिजांकडे
- १६६३–६४ : सुरतेची मोहीम, शिरपामाळचा मुक्काम
- १८१९ : अजिंठ्यात जॉन स्मिथ
- १८८२ : भगवानलाल इंद्रजी, सोपारा
- १८९९–१९०६ : धर्मानंद कोसंबींची भ्रमंती

आजचा प्रवास

जव्हार-मोखाड्यातून आजही दरवर्षी मोठा प्रवास होतो. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडी, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. जुन्या सोपाऱ्याच्या आसपासच त्यांची पाले पडतात. मुलांची शाळा सुटते, रेशनकार्ड गावात राहते, बाळंतपण भट्टीवर होते. वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच खोऱ्यातल्या पाड्यांवर बायका हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. या प्रवासाची नोंद कोणताही युआन श्वांग करत नाही. ती करणे हे आपले काम आहे.

म्हणून बौद्ध तरुणांच्या मंडळांना काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. सोपारा स्तूप आणि त्रिरश्मी लेणी पाहायला जा, पण सहलीसारखे नको. जाण्यापूर्वी आठवा शिलालेख आणि उषवदाताचा लेख यांचे मराठी भाषांतर एकत्र वाचा.

२. भिंतीवर नाव, मेणबत्तीचा धूर, शेंदूर यांतले काहीही मागे सोडू नका. जॉन स्मिथची एक सही पुरे आहे.

३. पाड्यावर गेलात तर आधी विचारा, मग सांगा. जुन्या वाटा, पाणवठे, डोंगरांची नावे म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने नोंदवा.

४. आदिवासींचे वाघोबा, हिरवा, कणसरी हे त्यांचे आहेत. 'हे मुळात आपलेच' असे सांगत फिरू नका. दुसऱ्याच्या गावाला आपले नाव देणारा कोलंबस आपल्यातही असू शकतो.

५. भट्टीवर गेलेल्या मुलांची यादी करा, जवळच्या शाळेत त्यांचा प्रवेश होतो का ते पाहा. एक मूल शाळेत बसवणे ही दहा व्याख्यानांइतकी मोठी धम्मयात्रा आहे.

अशोकांनी राजाच्या प्रवासाची किंमत त्याने किती मुलूख पाहिला यावर ठरवली नाही. तो कोणाला भेटला, कोणाला काय देऊन आला आणि कोणाचे ऐकून आला, यावर ठरवली. सोपाऱ्याच्या त्या तुकड्यातली अक्षरे अर्धी झिजली आहेत. जव्हारपासून वसईपर्यंतच्या रस्त्यावर ती पुन्हा वाचता येतील, पण त्यासाठी दिवाळीनंतर त्या रस्त्याने निघणाऱ्या माणसांसोबत चालावे लागेल.